नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल आणि जुनं सॉफ्टवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा कॅमेरा येतो, पहिल्या दिवसाच्या रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने मोजलेला उजेड प्रक्रिया न करता साठवणाऱ्या फाइली, कॉम्प्युटरवर उतरवल्या जातात आणि इतकी वर्षं साथ दिलेलं सॉफ्टवेअर सांगतं, ‘ही फाइल ओळखता येत नाही.’ मीही यातून दोनदा गेलो आहे. हात बसलेलं सॉफ्टवेअर केवळ कॅमेरा बदलला म्हणून सोडावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं, आणि बहुतेक वेळा ते सोडावं लागतही नाही. मला सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

फाइल उघडत नाही, म्हणजे ती खराब झाली का?

शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो नीट दिसत असेल आणि कार्डावरून कॉपी पूर्ण झाली असेल, तर फाइल धडधाकट आहे. सॉफ्टवेअर त्या कॅमेऱ्याच्या आधी तयार झालं, एवढंच. मात्र कार्ड लगेच फॉरमॅट करू नका. फाइल कुठे ना कुठे व्यवस्थित उघडेपर्यंत कार्ड तसंच बाजूला ठेवा.

फोल्डरमध्ये तर फोटो दिसतो. मग एडिटरमध्ये का दिसत नाही?

कारण फोल्डरमध्ये तुम्ही रॉ पाहतच नसता. जवळपास प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने तयार केलेला एक जेपेग असतो, बरेचदा पूर्ण आकाराचा. विंडोज, मॅक आणि फोटो पाहण्याची साधी ॲप्स अशा वेळी बहुधा तोच उचलून दाखवतात. सेन्सरने मोजलेले मूळ आकडे त्यांनी उलगडलेले नसतात. एडिटरला मात्र तेच आकडे हवे असतात.

याचा एक फायदा आहे. अगदीच अडचण झाली, संध्याकाळपर्यंत फोटो द्यायचे आहेत आणि रॉ उघडत नाही, अशा वेळी हा आतला जेपेग बाहेर काढता येतो. एक्झिफटूल हे मोफत साधन हे काम करतं. रॉची सर त्याला नाही, पण वेळ निभावून जाते.

एक्स्टेन्शन तर तेच आहे. जुन्या निकॉनची एनईएफ उघडते, नव्या निकॉनची उघडत नाही, असं का?

निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर२, सोनीची एआरडब्ल्यू ही घराण्याची नावं समजा. आडनाव एक म्हणून माणसं एक नसतात.

रॉ फाइलमध्ये सेन्सरच्या प्रत्येक बिंदूने मोजलेला उजेड आकड्यांत असतो, बहुधा १२ किंवा १४ बिटमध्ये. बहुतेक सेन्सरांवर कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७६ साली पेटंट मिळालेली लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांची जाळी असते. त्यामुळे एका बिंदूला एकच रंग माहीत असतो आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढावे लागतात. हे करायचं तर सॉफ्टवेअरला बरंच काही आधीच ठाऊक असावं लागतं : जाळी कुठल्या रंगापासून सुरू होते, काळा रंग म्हणजे नेमका कोणता आकडा, पांढरा कुठे संपतो, सेन्सरच्या कडेचा किती भाग सोडायचा, आकडे कोणत्या पद्धतीने दाबून साठवले आहेत. शिवाय या सेन्सरचा लाल म्हणजे माणसाच्या डोळ्याचा कोणता लाल, हे सांगणारा रंगांचा तक्ता लागतो. मॉडेल बदललं की यातलं काही ना काही बदलतं.

कंपन्या ही माहिती सहसा उघडपणे प्रसिद्ध करत नाहीत. २००५ साली निकॉनच्या डी२एक्स कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये व्हाइट बॅलन्सची (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल साधण्याची) माहिती सांकेतिक रूपात ठेवली होती, आणि त्यावरून बराच वाद झाला. आजही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना नव्या कॅमेऱ्याच्या फाइली तपासून, रंगांचे तक्ते मोजून आधार जोडावा लागतो. तुमच्या जुन्या आवृत्तीत हा आधार जोडणं ज्या दिवशी थांबलं, त्यानंतरचे कॅमेरे तिच्यासाठी अनोळखी आहेत.

काही वेळा तर साचाच बदलतो. कॅननने २०१८ मध्ये ईओएस एम५० बरोबर सीआर३ आणली. तिची आतली रचना सीआर२ पेक्षा पूर्ण वेगळी आहे. तिथे नुसता रंगांचा तक्ता मिळून भागत नाही, फाइल वाचण्याची रीतच नव्याने शिकावी लागते.

मग सॉफ्टवेअर अपडेट केलं की झालं ना?

अपडेट मिळत असेल तर आधी तेच करा. अडचण ही की जुन्या आवृत्त्यांचे अपडेट कधीचेच थांबले आहेत. फोटोशॉपमध्ये रॉ उघडण्याचं काम कॅमेरा रॉ नावाचा प्लगइन (आत बसणारा जोड-प्रोग्रॅम) करतो, आणि प्रत्येक फोटोशॉपसाठी त्याची एक शेवटची आवृत्ती ठरलेली आहे. फोटोशॉप सीएस२ साठी ३.७, सीएस३ साठी ४.६, सीएस४ साठी ५.७, सीएस५ साठी ६.७ आणि सीएस६ साठी ९.१.१. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीचंच लाइटरूम हे दुसरं फोटो सॉफ्टवेअर; एकदाच पैसे भरून घेता येणाऱ्या लाइटरूमची शेवटची आवृत्ती ६.१४, डिसेंबर २०१७ ची.

तुमच्याकडे सीएस६ असेल पण कॅमेरा रॉ अजून ७ वरच असेल, तर आधी तो ९.१.१ वर न्या. तेवढ्यानेच २०१५ च्या मध्यापर्यंतचे बरेच कॅमेरे उघडू लागतात. प्लगइनची आवृत्ती फोटोशॉपच्या मदत मेनूत, ‘अबाउट प्लगइन’खाली दिसते. मॅकवर ती फोटोशॉप नावाच्याच मेनूत असते.

नव्या फोटोशॉपमधला प्लगइन काढून जुन्यात टाकायचा प्रयत्न करू नका. तो चालत नाही, आणि त्या खटाटोपात चालू असलेला प्लगइनही बिघडू शकतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय कोणता?

अडोबी किंवा त्या घराण्याशी जुळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर डीएनजी कन्व्हर्टर. अडोबीने डीएनजी हा खुला साचा सप्टेंबर २००४ मध्ये जाहीर केला. वर सांगितलेली सगळी माहिती, म्हणजे काळा-पांढरा आकडा, जाळीची रचना, रंगांचे तक्ते, डीएनजीमध्ये फाइलच्या आतच लिहिलेली असते. त्यामुळे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कॅमेरा माहीत असण्याची गरज राहत नाही. २०१२ च्या सॉफ्टवेअरमध्ये दहा-बारा वर्षांनंतरच्या कॅमेऱ्याचा फोटो उघडतो तो यामुळेच.

कन्व्हर्टर मोफत आहे, वेगळा चालतो, आणि त्यासाठी फोटोशॉपचं सभासदत्व लागत नाही. अडोबीच्या संकेतस्थळावर कॅमेऱ्यांची यादी असते आणि प्रत्येकासमोर तो कॅमेरा रॉच्या कितव्या आवृत्तीपासून वाचला जातो ते दिलेलं असतं. कन्व्हर्टरचे आवृत्ती क्रमांकही त्याच हिशेबाने चालतात. म्हणून यादीत तुमच्या कॅमेऱ्यासमोर जो आकडा आहे, तो किंवा त्यापुढचा कन्व्हर्टर उतरवून घ्यायचा.

कन्व्हर्टर उघडला, फोल्डर निवडायला गेलो, तर आत एकही फाइल दिसत नाही!

मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. कन्व्हर्टर एकेक फाइल निवडू देत नाही, तो अख्खा फोल्डर घेतो. निवडण्याच्या खिडकीत फोल्डर रिकामा दिसतो आणि माणूस गोंधळतो. फाइली तिथेच असतात. फोल्डरच्या आत न शिरता बाहेरूनच त्याला निवडा आणि पुढे जा. दोनच फोटो बदलायचे असतील, तर ते एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करून तो फोल्डर द्या. डीएनजी कुठे ठेवायच्या ते दुसऱ्या पायरीत विचारलं जातं. त्यासाठी वेगळा फोल्डर करा, म्हणजे मूळ फाइली आणि नव्या फाइली यांची सरमिसळ होणार नाही.

डीएनजी केली, तरीही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही.

मग कन्व्हर्टरच्या प्रेफरन्सेसमधली ‘कंपॅटिबिलिटी’ पाहा. सारा खेळ तिथे आहे. डीएनजीच्याही आवृत्त्या आहेत. १.४ ही २०१२ ची, १.६ ही २०२१ ची, १.७ ही २०२३ ची. कन्व्हर्टर आपल्या मनाने बरीच नवी आवृत्ती निवडून ठेवतो, आणि जुनं सॉफ्टवेअर तिच्यापुढे पुन्हा अडतं.

सीएस६ आणि लाइटरूम ४, ५, ६ साठी ‘कॅमेरा रॉ ७.१ व पुढे’ हा पर्याय निवडा. लाइटरूम ४ असेल तर ते निदान ४.१ असावं. सीएस५ आणि लाइटरूम ३ साठी ६.६, फक्त तुमचं लाइटरूम ३.६ पर्यंत आणि सीएस५ चा प्लगइन ६.६ किंवा त्यापुढे अपडेट केलेला हवा. सीएस४ आणि लाइटरूम २ ची शेवटची आवृत्ती यांना ५.४. सीएस३ ला ४.६. सीएस२ किंवा त्याहून जुनं काही असेल तर थेट २.४.

नियम सोपा आहे : तुमच्या प्लगइनच्या आकड्याइतका किंवा त्याच्या लगेच खालचा पर्याय. सुरक्षित म्हणून सरसकट २.४ निवडण्याचा मोह टाळा. जितकं मागे जाल तितकी माहिती साध्या रूपात लिहावी लागते. काही कॅमेऱ्यांच्या बाबतीत फाइल फार मोठी होते आणि तिची लवचिकताही कमी होते.

डीएनजी केल्याने फोटोचा दर्जा कमी होतो का?

नेहमीच्या रीतीने केली तर नाही. सेन्सरचे आकडे जसेच्या तसे नव्या डब्यात जातात आणि काहीही न गाळता दाबले जातात. दोन खुणा मात्र चुकून लागलेल्या नाहीत ना, ते पाहा. ‘लॉसी कॉम्प्रेशन’ची खूण असेल तर माहिती खरोखरच कमी होते. आणि ‘लिनियर’ची खूण असेल तर जाळीचे रंग आधीच भरून टाकले जातात, एका बिंदूमागे एकाऐवजी तीन आकडे येतात आणि फाइल साधारण तिप्पट फुगते. लिनियरची गरज क्वचित पडते, त्याबद्दल पुढे येईलच.

मग मूळ रॉ पुसून टाकू का? जागा वाचेल.

नका पुसू. याबाबत मी ठाम आहे, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या कामाच्या सगळ्या फाइली डीएनजी करून मूळ फाइली काढून टाकल्या. पुढे त्याच फोटोंना कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधले रंग हवे होते. ते सॉफ्टवेअर डीएनजी उघडत नाही. परतीची वाट मीच बंद केली होती. ते फोटो आजही माझ्याकडे आहेत, पण त्या रंगांत नाहीत.

डीएनजीमधून पुन्हा एनईएफ किंवा सीआर३ तयार होत नाही. कन्व्हर्टरमध्ये मूळ फाइल डीएनजीच्या पोटातच ठेवण्याची सोय आहे आणि ती नंतर बाहेर काढताही येते, पण त्याने आकार जवळपास दुप्पट होतो. त्यापेक्षा मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर नीट ठेवाव्यात. मी डीएनजीला कामाची प्रत मानतो. ती हरवली तर पुन्हा करता येते.

डीएनजी उघडली, पण रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर होते तसे नाहीत.

पडद्यावर दिसतो तो कंपनीच्या पद्धतीने शिजवलेला जेपेग. जुन्या लाइटरूममध्ये ओळखीच्या कॅमेऱ्यांसाठी ‘कॅमेरा स्टँडर्ड’, ‘कॅमेरा पोर्ट्रेट’ अशी कंपनीच्या रंगांशी जुळवलेली प्रोफाइलं असतात. ती सॉफ्टवेअरबरोबर येतात, डीएनजीबरोबर नाही. त्यामुळे नव्या कॅमेऱ्याच्या डीएनजीला फाइलमधलंच प्रोफाइल मिळतं आणि फोटो जरा मवाळ, कधी किंचित पिवळट वाटतो.

रंगांची पट्टी असलेला तक्ता जवळ असेल, तर त्याचा एक फोटो काढून स्वतःचं प्रोफाइल बनवता येतं, आणि डीएनजी प्रोफाइलं वाचणाऱ्या जुन्या आवृत्त्याही ते वापरतात. तक्ता नसेल तर एक चांगला फोटो घ्या, कॅमेऱ्याचा जेपेग शेजारी ठेवा, कॉन्ट्रास्ट आणि रंगांचे स्लायडर जुळवा आणि तो प्रीसेट म्हणून साठवा. त्या कॅमेऱ्याची सगळी कामं पुढे त्याच पायावर सुरू करा. माझा तासभर गेला होता, पण तो प्रीसेट मी चार वर्षं वापरला.

लेन्सची वक्रता दुरुस्त होत नाही.

आरसा नसलेल्या अनेक कॅमेऱ्यांत लेन्सची दुरुस्ती रॉमध्येच सूचना म्हणून लिहिलेली असते, आणि कन्व्हर्टर ती डीएनजीत नेतो. डीएनजी १.३ (२००९) पासूनचं सॉफ्टवेअर ती आपोआप लागू करतं. तशी सूचना नसेल आणि लेन्स नवी असेल, तर जुन्या यादीत तिचं नाव सापडणार नाही. हाताने स्लायडर फिरवून दुरुस्ती करावी लागेल.

माझं सॉफ्टवेअर अडोबीचं नाही. डीएनजीचा उपयोग होईल?

सांगता येत नाही, करून पाहावं लागेल. काही सॉफ्टवेअर डीएनजी उघडतानाही कॅमेऱ्याचं नाव तपासतात आणि ते यादीत नसेल तर फाइल नाकारतात. काही डीएनजी घेतात पण सरधोपट रंग लावतात. काहींना जाळी उलगडता येत नाही, पण लिनियर डीएनजी चालते. एक फोटो तीन प्रकारे करून पाहा : साधी डीएनजी, जुन्या कंपॅटिबिलिटीची डीएनजी, आणि लिनियर. तिन्ही अडल्या तर टिफ या सर्वसाधारण चित्र-फाइलचा मार्ग उरतो.

टिफचा मार्ग म्हणजे काय?

रॉ उलगडण्याचं काम दुसऱ्या, नव्या सॉफ्टवेअरकडे द्यायचं आणि तयार झालेली १६ बिट टिफ आपल्या जुन्या एडिटरमध्ये उघडायची. टिफला कॅमेऱ्याशी देणंघेणं नसतं. विसेक वर्षांपूर्वीचा फोटोशॉपही ती उघडेल.

उलगडण्यासाठी कॅमेरा कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर चांगलं. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप. कॅमेऱ्याचे खरे रंग हवे असतील तर यांच्याइतके जवळचे दुसरीकडे मिळत नाहीत. फुजीफिल्मच्या एक्स रॉ स्टुडिओची तऱ्हा निराळी. त्यात कॅमेरा केबलने जोडायचा आणि फोटो उलगडण्याचं काम कॅमेऱ्यातलाच प्रोसेसर करतो.

या मार्गात एक गोष्ट नीट समजून घ्या. टिफ झाली की व्हाइट बॅलन्स आणि उजळ भागातले बारकावे बऱ्याच अंशी ठरून गेलेले असतात. म्हणून व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर आणि पांढरे पडलेले भाग उलगडतानाच सांभाळा. कॉन्ट्रास्ट कमी ठेवा. शार्पनिंग बंद किंवा अगदी थोडं ठेवा, नाहीतर जुन्या एडिटरमध्ये ते दुसऱ्यांदा होतं आणि कडा करकरीत दिसतात. ८ बिट टिफ किंवा जेपेग करून पुढे काम करणार असाल, तर रॉ काढण्याचे कष्ट वाया गेले असं समजा. आकाशाच्या उतरत्या निळ्यात पट्टे दिसायला वेळ लागत नाही.

जागेचाही विचार करा. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ म्हणजे २.४ कोटी बिंदू, प्रत्येकी तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट : सुमारे १४४ एमबी. तोच हिशेब ४५ मेगापिक्सेलला २७० एमबीवर जातो. सगळे फोटो नकोत, निवडलेलेच बदला.

खुलं, मोफत सॉफ्टवेअर चालेल का?

चालेल, आणि चांगलं चालेल. यातल्या बहुतेकांची मुळं डेव्ह कॉफिन यांच्या डीसीरॉ या प्रोग्रॅमशी जाऊन पोचतात. एका माणसाने १९९७ पासून कॅमेऱ्यामागून कॅमेरा उलगडत हे काम केलं, आणि जगभरच्या सॉफ्टवेअरनी त्याचा आधार घेतला. त्याची शेवटची आवृत्ती २०१८ ची. तुमचं जुनं साधन डीसीरॉवरच थांबलेलं असेल, तर नवे कॅमेरे तिथे येणार नाहीत. त्यातूनच निघालेली लिबरॉ ही लायब्ररी (इतर सॉफ्टवेअरना आपल्यात वापरता येणारा तयार कोड) मात्र पुढे चालू आहे.

रॉथेरपी आणि डार्कटेबल ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात, दोन्ही १६ बिट टिफ देतात. नुसती टिफ काढायची तर मला रॉथेरपी सोपं वाटतं. डार्कटेबल शिकायला वेळ घेतं, पण त्याचे मास्क (फोटोचा ठरावीक भागच निवडून बदलण्याची सोय) फार ताकदीचे आहेत.

फाइल उघडली, पण सगळा फोटो जांभळा किंवा हिरवट दिसतो. कधी अगदी टपाल तिकिटाएवढा उघडतो.

जांभळा किंवा हिरवट रंग म्हणजे सॉफ्टवेअरने आकडे वाचले, पण काळ्या-पांढऱ्याचा किंवा जाळीचा अंदाज चुकला. स्लायडरने ते दुरुस्त करत बसू नका. मुळातलं वाचनच चुकीचं आहे, डीएनजी किंवा टिफकडे वळा.

तिकिटाएवढा फोटो जास्त धोक्याचा. अनेक रॉ फाइलींची आतली मांडणी टिफसारखी असते, म्हणून एखादं जुनं सॉफ्टवेअर तिला टिफ समजून आतलं छोटं चित्र उघडतं. तुम्ही ‘सेव्ह’ दाबलं तर मूळ रॉवर ते छोटं चित्र लिहिलं जाऊ शकतं, आणि मग रॉ गेली ती गेली. असं दिसलं की काहीही न साठवता बंद करा. मूळ फाइलींना ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी खूण करून ठेवणं ही चांगली सवय.

त्याच कारणाने, कार्डावरून फोटो उतरवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला नव्या रॉमध्ये कॅप्शन, कॉपीराइट वगैरे लिहू देऊ नका. अनोळखी फाइलमध्ये चुकीच्या जागी लिहिलं गेलं की ती बिघडते. साधी कॉपी-पेस्ट सर्वांत निर्धोक.

एक्स्टेन्शन बदललं तर? किंवा फाइलमधलं कॅमेऱ्याचं नाव बदललं तर?

सीआर३ चं नाव सीआर२ केल्याने काहीही साधत नाही.

कॅमेऱ्याचं नाव बदलण्याची युक्ती मात्र कधीकधी लागू पडते. दोन जुळ्या मॉडेलांत सेन्सर आणि फाइलचा साचा तोच असेल, तर एक्झिफटूलने नव्याच्या जागी जुन्याचं नाव लिहिलं की सॉफ्टवेअर फसतं आणि फाइल उघडतं. मी स्वतः हे प्रतीवर करून पाहिलं आहे, आणि कामासाठी ते वापरत नाही. रंगांचा तक्ता दुसऱ्या कॅमेऱ्याचा लागतो, आणि पाच वर्षांनी तो फोटो नक्की कोणत्या कॅमेऱ्याने काढला हे तुम्हालाच कळेनासं होतं. करायचंच असेल तर मूळ फाइलवर कधीही नको.

कॅमेऱ्यातच काही सेटिंग बदलून फरक पडतो का?

पडतो, आणि हे फार थोडे लोक पाहतात. निकॉनच्या झेड९ (२०२१) पासून ‘हाय एफिशियन्सी’ नावाचं नवं कॉम्प्रेशन आलं. ज्या सॉफ्टवेअरला ते उमगत नाही, त्यालाही त्याच कॅमेऱ्याची ‘लॉसलेस’ एनईएफ उघडता येऊ शकते. सोनीत लॉसलेस कॉम्प्रेस्ड हा पर्याय २०२१ च्या अल्फा १ पासून आला, आणि साधी अनकॉम्प्रेस्ड एआरडब्ल्यू वाचायला त्यापेक्षा सोपी. फुजीतही अनकॉम्प्रेस्डचा पर्याय असतो. काही कॅमेरे तर थेट डीएनजीच लिहितात : पेंटॅक्सने के१०डी मध्ये २००६ सालीच ही सोय दिली होती, लायकाच्या एम८ नेही त्याच वर्षी. तुमच्या कॅमेऱ्यात हा पर्याय असेल तर अर्धं काम झालं.

आणि नवा कॅमेरा असताना पहिले काही आठवडे रॉबरोबर जेपेगही काढा. रॉ उघडण्याचा मार्ग पक्का झाला की जेपेग बंद करता येतो.

फुजीच्या फाइली विचित्र दिसतात, बारीक पानं पाण्याने रंगवल्यासारखी.

फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरवर (२०१२, एक्स-प्रो१ पासून) बायरऐवजी सहा बाय सहाची वेगळी जाळी असते. जुन्या सॉफ्टवेअरना ती उलगडणं नीट जमत नाही. डीएनजी केली तरी उलगडणारं सॉफ्टवेअर तेच, म्हणून दोषही तोच. इथे लिनियर डीएनजी किंवा रॉथेरपीतून काढलेली टिफ खरोखर कामी येते.

फोनची डीएनजी तर आधीच डीएनजी आहे. तरी उघडत नाही.

ॲपलची प्रोरॉ, २०२० च्या आयफोन १२ प्रो पासूनची, लिनियर डीएनजी असते आणि नव्या आवृत्तीच्या नियमांनी लिहिलेली असते. आयफोन १६ प्रो पासून तिच्यात जेपेग-एक्सएल कॉम्प्रेशनही येऊ शकतं, आणि ते जुन्या सॉफ्टवेअरला अजिबात कळत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स इथे जाऊन ‘जेपेग लॉसलेस’ निवडा. तरीही अडलं तर ती डीएनजीच कन्व्हर्टरला द्या. तो डीएनजीही घेतो आणि जुन्या कंपॅटिबिलिटीने पुन्हा लिहून देतो.

नवा कन्व्हर्टर माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर बसतच नाही.

आधी पाहा, तुमच्या कॅमेऱ्याला खरोखर सर्वांत नवाच कन्व्हर्टर लागतो का. यादीतला आकडा जुना असेल तर कन्व्हर्टरची मागची आवृत्ती पुरेल, आणि ती जुन्या विंडोज किंवा मॅकवर चालू शकेल. नाहीतर बदलण्याचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर करा आणि डीएनजी पेनड्राइव्हवर आणा. कन्व्हर्टरला तुमच्या फोटोशॉपशी काही घेणं नाही, तो कुठेही चालला तरी चालतो.

मॅकवाल्यांची कोंडी उलटी आहे. मॅकओएसच्या २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिट प्रोग्रॅम बंद झाले, त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर टिकवायचं तर मॅकओएस पुढे नेता येत नाही. असं असेल तर जुना मॅक एडिटिंगपुरता ठेवा आणि फाइली बदलण्याचं काम नव्यावर करा.

नव्या लाइटरूममध्ये केलेले बदल जुन्यात दिसतील?

थोडेच. जुन्या आवृत्तीला जे स्लायडर आणि मास्क माहीत नाहीत, ते ती सोडून देते. लाइटरूम ३ ला तर २०१२ ची प्रोसेस आवृत्तीच, म्हणजे स्लायडरचा परिणाम ठरवणारी पद्धतच, कळत नाही. झालेलं काम न्यायचं असेल तर टिफ काढा.

४५ मेगापिक्सेलची डीएनजी उघडताना सगळं गोठतं.

३२ बिट फोटोशॉपला चार जीबीच्या आतच मेमरी वापरता येते, कॉम्प्युटरमध्ये कितीही असली तरी. विंडोजवर सीएस४ पासून आणि मॅकवर सीएस५ पासून ६४ बिट आवृत्ती मिळते. तुम्ही चुकून ३२ बिटचंच आयकॉन दाबत नाही ना, ते बघा. विंडोजवर दोन्ही शेजारीशेजारी बसलेली असतात.

कॅमेरा अजून घ्यायचा आहे. आधीच तपासता येईल का?

येईल, आणि तेच करावं. कॅमेऱ्यांची परीक्षणं करणारी अनेक संकेतस्थळं नव्या मॉडेलच्या मूळ रॉ फाइली उतरवायला देतात. निदान तीन घ्या : एक भरपूर उजेडातली, एक कमी उजेडातली आणि एक माणसाच्या चेहऱ्याची. त्या कन्व्हर्टरमधून काढा, आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा, नेहमी करता तसं एडिटिंग शेवटपर्यंत करा आणि एक मोठी प्रिंट काढता येईल एवढी फाइल तयार करा. किती वेळ लागला ते पाहा. चेहऱ्याचा रंग पटला का ते पाहा. एका फोटोमागे जाणारा जादा वेळ तुमच्या महिन्याभराच्या फोटोंच्या संख्येने गुणा. महिन्याला पन्नास फोटो करणाऱ्याला हा वेळ जाणवत नाही. आठवड्याला दोन हजार करणाऱ्याला मात्र कॅमेऱ्याबरोबर सॉफ्टवेअरचाही खर्च आधीच धरावा लागेल.